पन्नास रुपये

रविवार, रात्री अकरा

पर्सच्या मागच्या कप्प्यात पन्नासची एक नोट आहे. ती माझी कमाई आहे म्हणे.

सहलीला जायचं माझ्या मनात नव्हतंच. सुनीताने परस्पर पैसे भरले आणि वर म्हणाली, घरात बसून तरी काय करणारेस. सोळाशे रुपयांत नाश्ता, रांजणगावचा महागणपती, निघोजचे रांजणखळगे, मग शिरूरकडच्या एका मळ्यात हुरडा, जेवण, बैलगाडी. सकाळी सहाला नळस्टॉपवरून बस निघाली आणि वाघोलीत रीतसर अडकली. तेवढ्या वेळात गाईडने माइक फिरवला. प्रत्येकाने नाव सांगायचं, काय करता ते सांगायचं. मीही सांगितलं, बँकेत कॅशवर होते, आता निवृत्त. टाळ्यासुद्धा वाजल्या. हे मुद्दाम लिहून ठेवतेय.

खळगे बघण्यासारखे आहेत. कुकडीच्या पात्रातला काळा कातळ रांजणासारखा खोल खोल कोरला गेलाय. पुरात वाहून आलेले गोटे खाचेत अडकतात आणि भोवऱ्याबरोबर तिथेच गरगर फिरत राहतात, हजारो वर्षं. अलीकडचा काठ पुणे जिल्ह्यात, पलीकडचा नगरमध्ये. दोन्हीकडे मळगंगा. अर्धी मंडळी सेल्फीत होती.

मग मळा. आगटी पेटलेली होती. खड्ड्यात गोवऱ्यांचे निखारे आणि त्यात खुपसलेली कणसं. त्या वासानेच माझं काहीतरी झालं, पण ते असो. गाईड म्हणाला, "मंडळी, ही आपली मालदांडी ज्वारी!" मी गप्प बसले. मालदांडी भाकरीची. तिचा दाणा बोंडातून सहजी सुटत नाही. हुरड्याला गूळभेंडी, नाहीतर सुरती. आमच्याकडे मंगळवेढ्याला मालदांडीच्या रानात कडेने चार ओळी हुरड्याच्या पेरायचे, फक्त घरच्यांसाठी. त्या रानाचं आता काय चाललंय ते अण्णाला विचारायला हवं. नको, विचारायला नकोच.

लोक कणसं चोळायला गेले आणि हात पोळून घेऊन खुर्च्यांवर जाऊन बसले. मी एक कणीस घेतलं, चोळलं, फुंकर मारली. हातात नुसते हिरवे दाणे, एक तूस नाही. मळ्याची मालकीण बघत होती. काही न बोलता तिने दुसरं कणीस माझ्या हातात दिलं. मग तिसरं. केव्हा मी तिच्या बाजूला गोणपाटावर जाऊन बसले, कळलंच नाही. ती निखाऱ्यातून काढत होती, मी चोळत होते, तिची सून ताटल्या भरत होती. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. मालकीण म्हणाली, "हात सवयीचा हाय तुमचा." इतकं बरं मला गेल्या वर्षभरात वाटलेलं नाही, म्हणजे ते सगळं झाल्यापासून.

आणि मग तो गृहस्थ आला. माझ्या मागच्या सीटवरचा, आयटीत आहे असं सांगणारा. दोनदा हुरडा घेऊन गेला होता. जाताना वाकला, म्हणाला, "मस्त होता हं हुरडा," आणि पन्नासची नोट माझ्या हातात ठेवली.

माझ्या हातात. आणि मी ती घेतली.

आयुष्यभर लोकांनी काउंटरच्या फटीतून नोट सरकवली की हात पुढे. तसाच झाला असेल. तेवढीच समजूत काढून झोपावं, तर झोप येत नाहीये.

राग आला का? आला. लक्ष्मी रोडवरून घेतलेला नवा कुर्ता होता अंगावर, पायात बूट, गळ्यात त्यांनीच दिलेलं ओळखपत्र! पण ते पदराआड, म्हणजे ओढणीआड गेलं असेल. चार तास एका बसमध्ये होतो. माझ्याकडे पाहूनच दिली त्याने, चुकून नव्हे. या वयाच्या बाईचा चेहरा कुणाला दिसतच नाही बहुतेक. हात काय करतायत तेवढं दिसतं. बँकेतही तसंच होतं म्हणा. आणि घरीही. जाऊ दे.

पण नाही, हे खरं नाही. त्याने तीच नोट शेजारी बसलेल्या मालकिणीला दिली असती, तर मला काहीही वाटलं नसतं. उलट म्हटलं असतं, बरा दिसतोय माणूस, कष्टाची जाण आहे. मग मला कसलं एवढं लागलं? तिच्या ओळीत बसून सुखावले मीच, आणि तिच्या ओळीतली म्हणून कुणी धरलं तर ओळखपत्र शोधायला लागलेही मीच.

नोट तिच्यापुढे धरली तर तिने हात झटकले. "छ्या! चोळलं तुमी, घ्या तुमी." आणि सुनेकडे बघून अशी खदाखदा हसली की मलाही हसू फुटलं. परतताना बसमध्ये त्या गृहस्थाने मला खिडकीपाशी बघितलं. चेहरा असा पडला बिचाऱ्याचा, की शिक्रापूर येईपर्यंत तो मोबाइलमधून वर आला नाही. मला दया आली. थोडी. सुनीताला अजून सांगितलेलं नाही, ती पुढची दहा वर्षं हे सगळ्यांना सांगत सुटेल.

हिशेब केला तर दर काही वाईट नाही. तास-दीड तासाचे पन्नास, वर हुरडा पोटभर. सोळाशे वसूल व्हायला बराच मोसम लागेल, एवढंच.

आत्ताच गाईडने ग्रुपवर फोटो टाकलेत. एकाखाली लिहिलंय, 'ग्रामीण आदरातिथ्य'. त्यात मालकीण आहे आणि मी, दोघींच्या हातात कणसं. चौदा जणांनी हात जोडलेत. खाली पुढच्या रविवारची जाहिरात. मी त्याला खासगीत विचारलं, हुरडा चोळणाऱ्यांना सूट आहे का? त्याने हसरे चेहरे पाठवले, आकडा काही पाठवला नाही.