नोंद: लुआरची गढूळ शेनिन

शनिवार रात्र. मेहुण्याने फ्रान्सहून आणलेली बाटली एकदाची उघडली. लुआर खोऱ्यातल्या एका छोट्या घरगुती वायनरीची शेनिन ब्लाँ, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन. बाहेरचं यीस्ट नाही, सालीवर आणि तळघरात जे होतं त्यावरच आंबवलेली. गाळलेलीही नाही, म्हणून साका बसावा यासाठी फ्रीजमध्ये उभी ठेवली होती.

थेट ओतली तर नुसता आंबटपणा. घोडबंदरच्या दमट हवेत ग्लासला लगेच घाम फुटतो, तो पुसत थांबलो. १२ अंशांच्या आसपास आल्यावर कापून ठेवलेलं सफरचंद, मेण आणि मागून ओल्या घोंगडीचा वास. बायकोने नाक मुरडलं. लुआरच्या शेनिनला हा वास असतोच, मला तर आवडला.

रविवार. बूच लावून ठेवलेली बाटली आज कितीतरी मोकळी. लुआरचे वाइन उत्पादक निकोला जोली आपली ‘कुले द सेरां’ ही शेनिन आदल्या दिवशी उघडून ठेवायला सांगतात, ते उगीच नाही. सोबत बोंबील फ्राय. मिसळीबरोबर मात्र नको, तर्रीपुढे बिचारीचं काही चालणार नाही.

सल्फाइट (वाइन टिकवायला घालतात ते) कमी असलेल्या वाइनचं खरं दुखणं म्हणजे उंदरासारखा वास. ग्लास हुंगून तो कळत नाही, कारण वाइनच्या आम्लात तो उडत नाही. घोट गिळला, लाळेने आम्लता उतरली, की घशातून वर येतो. शंका आली तर हातावर थेंब चोळून हुंगा. या बाटलीत नव्हता.

लेबलवर ‘सल्फाइट आहे’ वाचून कोणी हिरमुसू नका. लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की तसं छापावंच लागतं आणि थोडं सल्फाइट यीस्ट स्वतःच तयार करतं.

आणि अशी नैसर्गिक वाइन म्हणजे बागेत फवारणी शून्य, हा आपल्या वाइनच्या गटातला समज सोडा. केवडा हा द्राक्षांवरचा बुरशीचा रोग तिथेही येतो. युरोपात सेंद्रिय बागेलाही तांबं चालतं, हेक्टरी ७ वर्षांत २८ किलोपर्यंत. नाशिकचे बागायतदार मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात, तेच हे.

पुढच्या वेळी नाशिकची शेनिन अशीच आदल्या दिवशी उघडून बघणार आहे. कोणाकडे न गाळलेली असेल तर कळवा, मी बोंबील आणतो.