सहाशे बाइटांसाठी उघडलेले पेज

महापे एमआयडीसीतील आमच्या छोट्या कार्यालयात गेल्या पावसाळ्यात एका मापनयंत्राचा लिनक्स ड्रायव्हर लिहिताना माझ्याकडून एक चूक झाली, आणि वाईट म्हणजे ती चूक व्यवस्थित चालत होती. यंत्राकडून येणारी मोजमापे कर्नलमधल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, 600 बाइटांच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठवणीच्या जागेत) साठत आणि आमचा प्रोग्राम ती रीड कॉल करून मागून घेई. दर वेळी कर्नलमध्ये जाऊन येण्याचा आणि डेटाची नक्कल करण्याचा खर्च वाचावा, म्हणून मी तो बफर एममॅपने, म्हणजे मेमरी प्रोग्रामच्या स्वतःच्या पत्त्यांत मांडून देणाऱ्या सोयीने, थेट प्रोग्रामला जोडून दिला.

शेजारी बसणाऱ्या तरुण सहकाऱ्याने सहज म्हणून बफरच्या हद्दीपलीकडचे बाइट छापून पाहिले. स्क्रीनवर कुठल्याशा फाइलच्या नावाचा तुकडा आणि कर्नलच्या पत्त्यांसारखे दिसणारे आकडे उमटले. “सर, हा डेटा आपला नाही,” तो म्हणाला.

खरेच नव्हता. कोणती मेमरी कोणाला दिसेल हे ठरवणारे एक्स86 प्रोसेसरचे पेज टेबल परवानगी बाइटागणिक देत नाही, पेजागणिक, म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यागणिक देते, आणि तिथले नेहमीचे पेज 4096 बाइटांचे असते. कर्नलमध्ये मेमरी वाटणाऱ्या केमॅलॉककडे 600 बाइट मागितले की साधारणपणे 1024 बाइटांचा खण मिळतो, म्हणजे एका पेजात असे चार खण मावतात आणि उरलेले तीन कर्नलच्या कोणत्याही कामासाठी दिलेले असू शकतात. मी एक खण दाखवायला गेलो आणि अख्खे कपाट उघडे टाकले, तेही लिहिण्याच्या परवानगीसह.

कर्नलला आपली मेमरी दाखवण्याचे मुळात वावडे नाही. प्रोग्राम वेळ विचारतो तेव्हा व्हीडीएसओमुळे (कर्नल प्रत्येक प्रोग्रामला जोडून देतो त्या छोट्या कोडमुळे) तो बहुधा कर्नलने केवळ वाचण्यासाठी मांडलेल्या पेजावरूनच ती घेतो आणि कर्नलमध्ये जाण्याचा सिस्टिम कॉल टळतो. मात्र ते पेज त्याच कामासाठी राखलेले असते. याउलट, रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला, कर्नलची सगळी मेमरी खुली करणारे डेव्ह-केमेम हे फाइलसारखे दार 2021 मध्ये लिनक्स 5.13 मधून काढूनच टाकले गेले. (2018 च्या मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटीने तर परवानगीचा बिट जागेवर असूनही प्रोसेसर डेटा झिरपू देतो, हे दाखवले, पण त्यात निदान माझा हात नव्हता.)

आता बफर केमॅलॉकऐवजी व्हीमॅलॉक-युजर या कर्नलच्या दुसऱ्या फंक्शनने घेतला आहे. त्यातून शून्य भरलेली पूर्ण पेजे मिळतात आणि प्रोग्रामला ती केवळ वाचता येतात. उरलेले 3496 बाइट शून्यच आहेत ना, हे पाहणारी एक ओळ चाचणीत आहे. ती त्या सहकाऱ्यानेच लिहिली.