घाटाखालची लीग

लोक डिसेंबरात गोव्याला समुद्र बघायला जातात, मी फुटबॉलची लीग बघायला गेलो. गोवा प्रोफेशनल लीग साधारण पाऊस ओसरला की सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. तेव्हा जमेल त्या शनिवारी आंबोली घाट उतरायचा आणि म्हापशात मावसभावाकडे मुक्काम टाकायचा, असं ठरवून टाकलं. घरचे हसले. दारात शाहू स्टेडियम असताना कोल्हापूरकरानं फुटबॉलसाठी घाट उतरायचा?

म्हापशाचं दुलेर स्टेडियम म्हणजे कृत्रिम हिरवळ, सिमेंटच्या पायऱ्या आणि तिन्हीसांजेला संपणारे सामने. पहिल्यांदा कानाला जाणवली ती शांतता. आमच्याकडे पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे पेठांतले संघ समोरासमोर आले की हलगी, झेंडे आणि आरडाओरड्यात रेफ्रीची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. इथं खेळाडू एकमेकांना काय बोलतात तेही कळतं. प्रेक्षक थोडे, पण एकेक जण पक्का जाणकार. माझ्या पुढच्या पायरीवरचे एक आजोबा लेफ्ट बॅकला सारखे ओरडत होते, "आरे, फाटीं यो रे!" (मागे ये रे!) आणि दर वेळी तो खरंच चुकीच्या जागी असायचा.

मध्यंतरात चहा घेताना ओळख झाली. आजोबा डिचोलीकडचे, खाणीवर नोकरी करून निवृत्त झालेले, बोलणं शुद्ध मराठी. गोव्याचा फुटबॉल समजून घ्यायचा तर खाण समजून घ्या, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटलं. १९५६ चा साळगावकर क्लब, १९६८ चा धेंपो क्लब, १९९९ साली सुरू झालेली सेसाची अकादमी, ही सगळी नावं खनिजाच्या धंद्यातली. डिचोली-साखळीकडचं खनिज ट्रकमधून जेटीवर जायचं, तिथून बार्जमधून मुरगाव बंदरात आणि पुढे परदेशी. त्या पैशावर क्लब उभे राहिले. पोरांना खेळता खेळता कंपनीत नोकरी मिळायची, म्हणून आईबापही पोराला मैदानावर जाऊ द्यायचे. "आमच्या वेळी टीममध्ये नाव लागलं म्हणजे पोरगा मार्गाला लागला," आजोबा म्हणाले.

आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सर्वात वरची लीग, २००७-०८ च्या मोसमात सुरू झाली आणि पहिली सहाच्या सहा विजेतेपदं गोव्यात आली. धेंपोनं तीन, चर्चिल ब्रदर्सनं दोन, साळगावकरनं एक. कोलकात्याचे एवढे मोठे क्लब असताना! गोव्याची लोकसंख्या जेमतेम पंधरा लाखांच्या घरात. एका कोल्हापूर जिल्ह्यात याच्या दुपटीहून जास्त माणसं राहतात. २०१२ मध्ये फुटबॉल गोव्याचा राज्यखेळ झाला आणि त्याच वर्षी खाणीही बंद पडल्या. पुढे २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. त्यामागचं कारण खाणबंदी नव्हतं. इंडियन सुपर लीगला देशातली वरची लीग करायचा जो घाट घातला जात होता, त्याचा तो निषेध होता. आजोबांच्या हिशेबात मात्र दोन्ही गोष्टी एकाच खात्यावर जमा. धेंपो आता खालच्या पायरीवरून चढून २०२४-२५ मध्ये परत आय-लीगला आला, हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता.

शिवोली म्हापशाहून जवळच. तिथं १८८३ मध्ये एका पाद्र्यानं गोव्यातला पहिला फुटबॉल खेळवला, असं सांगतात. म्हणून एका सकाळी गेलो. चर्च सुंदर आहे, एवढंच.

त्यापेक्षा वास्कोचा रस्ता धरा. झुआरीचा पूल ओलांडून टिळक मैदानावर गेलो, तेव्हा लीगचं दुसरं रूप दिसलं. या लीगमधले बरेच क्लब म्हणजे नुसती गावाची नावं. कळंगुट, वेळसांव-पाळे, कुडचड्याचा गार्डियन एंजल. गावातली माणसं टेंपो करून येतात, मिरची भजी आणि पाव खातात आणि आपल्याच पोराला शिव्या देतात. इथं मला घरच्यासारखं वाटलं. सुपर लीगमधल्या एफसी गोवा क्लबची पोरंही याच लीगमध्ये खेळतात. त्यांचा मोठा संघ फातोर्ड्याला दिव्यांच्या झगमगाटात खेळतो, तिथं गर्दीही असते. तिथला एक सामना पाहिला. झकास होता. पण शेजारी बसलेल्याशी बोलायला सवड मिळाली नाही.

परत दुलेर. आता आजोबा माझ्यासाठी जागा धरून ठेवायचे. ब्रह्मानंद शंखवाळकर हा त्यांचा आवडता विषय. ताळगावचा हा गोलरक्षक, भारताचा कर्णधार, १९९७ मध्ये अर्जुन पुरस्कार, २०२२ मध्ये पद्मश्री. "एवढं मोठं नाव, आणि तुम्ही कोल्हापूरवाले पेठेच्या बाहेर बघत नाही," असा टोमणाही त्यात असायचा. मग मी शाहू स्टेडियमचं वर्णन करायचो. गच्च भरलेल्या पायऱ्या, तालमींचे झेंडे, मॅच हरल्यावर दोन दिवस पेठेत कुणी कुणाशी न बोलणं. त्यांनी एकदा सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढी माणसं येतात, मग तुमचा एखादा क्लब आय-लीगला का नाही?"

मी म्हटलं, आमच्याकडे खाणी नव्हत्या. "साखर आहे की," ते म्हणाले आणि पुन्हा लेफ्ट बॅकवर ओरडायला लागले.

घाट चढताना एसटीत हाच विचार डोक्यात होता. आमच्याकडे माणसं आहेत, मालक नाही. त्यांच्याकडे मालक होते, ट्रॉफ्या आल्या, आणि आता पायऱ्या रिकाम्या. यातलं बरं कुठलं, यावर मावसभावाशी फोनवर वाद चालू आहे. पुढच्या हंगामात त्याला पाटाकडीलची मॅच बघायला बोलावलंय. हलगीच्या जवळ बसवणार आहे.