यात्रा वन फॉन्टवरून हाताने रंगवलेली पाटी: आतापर्यंतची नोंद

पहिला शनिवार

मावशीच्या पोळीभाजी केंद्राची फ्लेक्सची पाटी दोन पावसाळ्यांत फाटली. नवी पाटी प्लायवर रंगवून द्यायची असं मी तिला कबूल केलं आहे. माप चार फूट बाय दीड फूट. वर मोठ्या अक्षरांत ‘घरगुती पोळीभाजी’, खाली ‘पुऱ्या, थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी’ आणि अगदी तळाला वेळ.

अक्षरांसाठी ‘यात्रा वन’ घेतला. कॅथरीन ली श्मिट यांनी हा फॉन्ट मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या फलकांवरून केला आहे. देवनागरीच्या रेघांची टोकं कोनात छाटलेली आहेत आणि सोबतच्या रोमन अक्षरांनाही देवनागरीच्याच लेखणीचा कोन दिला आहे. एरवी रोमन अक्षरांच्या मापाने देवनागरी कापली जाते, इथे उलट झालंय, म्हणून मला हा फॉन्ट फार जवळचा वाटतो. पिवळ्यावर काळ्या रंगातलं स्टेशनचं नाव वाचत मोठी झालेली मी. ब्रशवरून संगणकात गेलेली ही अक्षरं परत ब्रशने उतरवायची, एवढीच या कामामागची ओढ.

फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो. झिप उघडली की आत एक टीटीएफ फाइल आणि परवान्याची मजकूर फाइल असते. परवाना ओपन फॉन्ट लायसन्स, म्हणजे धंद्याच्या पाटीसाठी वापरायलाही पैसे नाहीत की कुणाला विचारणं नाही. नुसती फॉन्टची फाइल मात्र विकता येत नाही. विंडोजवर फाइलवर राइट क्लिक करून ‘सगळ्या वापरकर्त्यांसाठी इन्स्टॉल’ निवडा. साधं ‘इन्स्टॉल’ केलं तर फॉन्ट फक्त तुमच्या खात्याच्या फोल्डरात जातो आणि काही जुन्या प्रोग्रॅमना तो दिसत नाही. मी पाटी ज्यात आखते तो चित्र आखायचा प्रोग्रॅम, इंकस्केप, आधीपासून उघडा असेल तर बंद करून पुन्हा उघडा.

रविवार

मावशीने जुन्या पत्रकाची फाइल दिली होती. त्यातला मजकूर उचलून यात्रा वन लावला, तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला झाला. फॉन्टचा यात काही दोष नाही. ती फाइल युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीची होती. त्या जुन्या पद्धतीत आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त त्यांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट बदलला की मुखवटा गळून पडतो. सगळं नव्याने टाइप केलं.

टाइप करताना ‘पुऱ्या’वर अडले. नेहमीचा र, हलन्त आणि य असं लिहिलं की ‘पुर्या’ होतं, रफार वर चढतो. मराठीला तिथे अर्धचंद्रासारखा आडवा र हवा. त्यासाठी नुक्त्याचा ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर शिफ्ट धरून J ही कळ दाबली की ऱ येतो. खाण्याच्या पाटीवर ‘पुर्या’ लिहिलेलं मला बघवत नाही, त्यामुळे यावर वेळ घालवला याचं वाईट वाटत नाही.

ल आणि श मी फॉन्टवर सोडले नाहीत. युनिकोडमध्ये मराठी ल आणि हिंदी ल यांचा क्रमांक एकच आहे, कोणतं रूप दिसणार हे फॉन्ट आणि मजकुराची भाषा यांवर ठरतं. म्हणून प्रोग्रॅममध्ये भाषा मराठी निवडायची सवय लावून घ्या. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण भाषा हिंदी राहिली तर मराठी रूप बाहेरच येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितला आहे, मला शाळेतही तेच शिकवले होते. ‘थालीपीठ’चा ल आणि ‘शेंगदाण्याची’चा श मी कागदावर पेन्सिलीने काढले, टोकांना यात्रा वनचा छाट दिला आणि मोबाइलने फोटो काढून बाकीच्या अक्षरांत बसवले.

पुढचा शनिवार

आज सगळ्यात जास्त वेळ गेला तो शिरोरेषेत. मोठी ओळ पाटीच्या रुंदीला पुरेना, म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं. लगेच शिरोरेषा जागोजागी तुटली. प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं, अक्षरं लांब सरकवली की तुकडेही लांब जातात. रोमनमध्ये हे दुखणं नाही, त्यामुळे तिकडच्या शिकवण्या इथे उपयोगी पडत नाहीत.

उपाय असा केला. आधी मजकुराची एक प्रत बाजूला ठेवली, कारण पुढे शुद्धलेखन सुधारायचं तर तीच लागते. मग इंकस्केपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी ने अक्षरांच्या आकृत्या केल्या, त्यांचा गट सोडवला आणि एकेक हाताने सरकवली. ‘पोळी’तल्या ओकाराचा काना ळ ला चिकटत होता, त्याला जरा जास्त श्वास दिला. शेवटी शिरोरेषेच्या जाडीचा लांब आयत वरून टाकून सगळं एकत्र जोडलं. बोल्डचं बटण चुकूनही दाबू नका. या फॉन्टला एकच वजन, म्हणजे रेघेची एकच जाडी आहे, बोल्ड केलं की प्रोग्रॅम कडा फुगवतो आणि छाटलेली टोकं बोथट होतात.

तळाची वेळ यात्रा वनमध्ये लिहून पाहिली, पण रस्त्यापलीकडून वाचता येईना. तिथे मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट लावला. तोही मोफत आहे आणि त्यात सात वजनं आहेत. नक्षीची अक्षरं मोठ्या ओळीतच शोभतात.

रविवार, छापा

मोठी ओळ चव्वेचाळीस इंच. पीडीएफ करून ‘पोस्टर’ पर्यायाने पाच आडव्या ए-फोर कागदांवर छापली. पहिल्यांदा कागद जोडले तेव्हा तिसऱ्या सांध्यावर शिरोरेषा दोन मिलिमीटर खाली उतरली. कागद सोडवले, फूटपट्टी शिरोरेषेलाच लावली आणि तिच्या आधाराने पुन्हा चिकटवले. आता सरळ आहे.

मग जुनी पद्धत: अक्षरांच्या कडेने टाचणीने जवळजवळ भोकं पाडली, कागद पिवळ्या प्लायवर टेपने लावला आणि निळ्या खडूची पूड फडक्याच्या पुरचुंडीत घालून वरून थोपटली. कागद उचलल्यावर ठिपक्यांत उमटलेलं ‘घरगुती’ दिसलं तेव्हा मी मावशीला हाक मारून आणलं. ती म्हणाली, “अगं, हे तर गाडीतून दिसायचं तसं आहे!”

सध्याची स्थिती

काळ्या ऑइलपेंटचा पहिला हात झाला आहे. चपटा ब्रश एकाच कोनात धरून ओढला की छाट आपोआप येतो, गोल ब्रशने तो कोरत बसावा लागतो. ‘भा’चा काना जरा तिरका गेलाय, दुसऱ्या हातात सुधारीन. शिरोरेषा मास्किंग टेप लावून सगळ्यात शेवटी ओढणार आहे. टेप रंग पूर्ण वाळायच्या आत काढायची की वाळल्यावर, यावर तुमचा अनुभव असेल तर सांगा. पहिला हात वाळायला अजून दोन दिवस आहेत.