मित्रासाठी ट्यूब

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या मेडिकलमध्ये दोन गोष्टींचा खप वाढतो: ॲसिडिटीच्या गोळ्या आणि ‘ती ट्यूब’. मी कोपरखैरण्यात फार्मासिस्ट आहे. ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन नावाचं स्टेरॉइड असतं. औषध वांगावरचं, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांवरचं, तेही डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे लावायचं. 2018 पासून अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. लोक मात्र गोरं व्हायला फेसक्रीम मागावी तशी मागतात.

त्या संध्याकाळी मायलेकी आल्या. आईने शेवटापर्यंत गुंडाळत आणलेली रिकामी ट्यूब काउंटरवर ठेवली. “हीच द्या.”

“चिठ्ठी?”

“चिठ्ठी कशाला? माझ्या जावेनं सांगितलीय. रविवारी पाहुणे यायचेत.”

मुलीने तोंडाला स्कार्फ बांधलेला. तो सोडायला लावला. दोन्ही गाल लालभडक, त्यावर केसाएवढ्या बारीक शिरा, हनुवटीवर राठ लव. महापेला नोकरी करते, स्टेशनवरून चालत जाताना चेहरा भाजून निघतो, म्हणाली. “लावायचं थांबवलं की अजून लाल होतो. मग परत लावते. ऑफिसात मिशीवरून हसतात.”

मी सांगितलं, हे सगळं ट्यूबनेच केलंय. कातडी पातळ झाली, लवही त्यातूनच.

“पण गोरी झाली होती हो!” आई कळवळून म्हणाली. थोरली उजळ, तिचं पहिल्याच स्थळाला जमलं. हिच्या वेळी पाहुणे पोहे खाऊन जातात आणि पुढे निरोपच येत नाही. मला त्या बाईचा राग येईना. 2020 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ची ‘ग्लो अँड लव्हली’ झाली, पण बायोडेटातला वर्णाचा रकाना कुठे गेलाय? तिथे ‘सावळी’ लिहायला कोणाचा हात धजत नाही, ‘निमगोरी’ लिहून मोकळे होतात. वडील बाहेर स्कूटरवर बसलेले, चांगले काळेसावळे. त्यांना कोणी कधी काही लावायला सांगितलं नसणार.

मनाने काही लावू नका, उद्याच स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, रिकामी ट्यूब सोबत न्या, एवढं कागदावर लिहून दिलं. मुलीने तो कागद आईच्या हातात न देता स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

शेठ गल्ल्यावरून सगळं ऐकत होते. “आपण नाही दिली तर समोरचा देईल.”

“देऊ दे. इथे भिंतीवर सर्टिफिकेट माझं आहे.”

रांगेत मागे डिलिव्हरीवाला पोरगा हेल्मेट घालूनच उभा होता. त्या गेल्यावर पुढे सरकून हळूच म्हणाला, “मॅडम, जेंट्स लोकांना पण होतं का असं?”

“चेहरा तो चेहरा. का, तूही लावतोस?”

“नाय, मित्र लावतो. त्याला सांगतो.”

हेल्मेटची काच वर होती. मित्राच्या गालांवरचे पुरळ मला काउंटरवरून दिसत होते.