तुम्ही विचारलंत म्हणून: घरी सुरी घडवायला काय काय लागतं?

परसात भट्टी आहे म्हटल्यावर येणारा-जाणारा विचारतोच, "घरी सुरी घडवायची तर सामान काय काय घ्यावं लागतं?"

निम्मं सामान भंगारात मिळतं. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, त्याच्या बुडाला लोखंडी पाइप, पाइपाला हाताने फिरवायचा पंखा. हेअर ड्रायर लावणारेही आहेत, पण आमच्याकडची लाइट नेमकी लोखंड लाल झाल्यावर जाते. पाइप जस्ताचा मुलामा असलेला नको. तापला की त्याच्या धुराने रात्री हुडहुडी भरते. ड्रम आतून लिंपायला काळी माती वापरू नका, वाळली की भेगाळते. माळवदावर टाकतात ती पांढरी माती राख कालवून लिंपा. ऐरण म्हणून लोखंडाचा जाड ठोकळा पुरतो, ओंडक्यावर पक्का बसवला म्हणजे झालं. कुणी रुळाचा तुकडा स्वस्तात देऊ केला तर लांबूनच हात जोडा. रेल्वेचा माल, उद्या कोण कागद दाखवणार?

"सळई चालेल का?" हे सळईचे कारखाने असलेल्या आमच्या जालन्यात कुणी विचारलं नाही तरच नवल. नाही चालत. बांधकामाच्या सळईत कार्बन फार तर ०.३ टक्के, ती कडक होतच नाही. ट्रकच्या पाट्यात, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीत, ०.५ ते ०.६ टक्के असतो. ऊसतोडीवाले पाट्याचाच कोयता मागतात ते उगीच नाही.

पण खरी मेख पाणी देण्यात, म्हणजे लाल पातं झटकन निववून कडक करण्यात आहे, आणि तेच कुणी विचारत नाही. आठवडी बाजाराच्या कडेला घिसाड्यांची पालं पडली की तिथं जरा बसा. बाई घण घालते, बाप्या सांडशीत खुरपं फिरवतो, हे सगळेच बघतात. तुम्ही त्याच्या पुढचं बघा. लाल खुरप्याची तो फक्त धार बुडवतो, बाहेर काढून विटेवर घासून चकचकीत करतो आणि थांबतो. पाठीची धग धारेकडे उतरू लागते, तसे रंग सरकतात: फिका पिवळा, तांबूस, जांभळा, निळा. हवा तो रंग धारेला टेकला की पुन्हा पाण्यात. कुठला रंग कशाला, ते नजरेलाच ठाऊक.

आपली नजर तशी बसलेली नसते, म्हणून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक जवळ ठेवा. सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटेनासं होतं. पाट्याला त्याहून थोडं वर न्यायचं, ८३०च्या आसपास. हे सावलीत करा, उन्हात रंग फसवतो. आणि तापलेलं पातं पाण्यात बुडवू नका, पातळ धार चिरते. सोयाबीनचं साधं तेल ५०-६० अंश कोमट करून घ्या. कोमट तेल पातळ होतं आणि पटकन उष्णता ओढतं. डबा लोखंडाचा, झाकण हाताशी, कारण भडका उडतो. जळकं इंजिन ऑइल वापरू नका, त्याचा धूर वाईट. निवल्यावर कानस लावून पाहा, ती घसरली तर पाणी बसलं. आता पातं काचेसारखं ठिसूळ असतं. म्हणून लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांना दोन तास, निवू द्यायचं, पुन्हा दोन तास. घिसाडी जे रंग घासून बघतो, त्यातला फिका पिवळा इथं येतो. स्वयंपाकाच्या सुरीला तेवढा बस.

राहिली लांबी. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं घरकामाचं, शेतीचं, कारखान्याचं वा शास्त्रीय कामाचं नसेल, तर ते शस्त्र कायद्यात येतं. मिरवणुकीसाठी तलवार करून द्या म्हणणारे येतात अधूनमधून. त्यांना मी चहा पाजून वाटेला लावतो.