न्सुकाला, एका मास्तरांच्या गावी

नायजेरियात लागोसहून विमानाने एनुगूला उतरलं की न्सुकापर्यंतचा पुढचा प्रवास रस्त्याने. कोळशाच्या खाणींवर वाढलेलं हे शहर मागे टाकून गाडी मिलिकन हिलची वळणं चढते आणि नाइन्थ माइल नावाच्या गजबजलेल्या नाक्यावर येते. गाडी थांबायच्या आत बायका खिडकीशी येतात, डोक्यावर गरमागरम ओकपा. बंबारा शेंगांच्या पिठात पाम तेल कालवून केळीच्या पानात उकडलेला हा पिवळा गोळा. पान सोडताना येणारा वास थेट आपल्या पातोळ्यांचा, फक्त चव तिखटमिठाची. दोन खाल्ले की जेवणाची चिंता मिटते.

ड्रायव्हरने विचारलं, “मॅडम, मुलीची ॲडमिशन का?” त्याचं चुकलं नव्हतं. न्सुकाला येणारी माणसं एकतर शिकणारी, नाहीतर शिकणाऱ्यांचे आईबाप. मी म्हटलं, “इथे एक मास्तर होते, त्यांचं गाव बघायला आलेय.” त्याने आरशातून माझ्याकडे एकवार पाहिलं आणि गाणी लावली.

एनुगूहून न्सुका साधारण ६०-६५ किलोमीटर. लाल माती, मधेमधे गोल डोक्याच्या टेकड्या, आणि हरमाटन या कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत या सगळ्यावर सहाराहून आलेल्या धुळीचा पातळ पडदा. गावात फिरायला केके, म्हणजे आपली बजाजची तीनचाकी. पुण्याच्या माणसाला इथे परकं वाटायचं कारण नाही. मीटरवरून भांडणही नाही, कारण मीटरच नाही.

मास्तर म्हणजे शिल्पकार एल अनात्सुई. जन्म १९४४ चा, घानाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या अन्याको गावचा. बत्तीस भावंडांतलं हे शेंडेफळ. आई लवकर गेली, तेव्हा प्रेस्बिटेरियन पाद्री असलेल्या मामाने वाढवलं. वडील मासेमारी करत आणि केंटे हे घानाचं पारंपरिक कापड विणत, भाऊही विणत. हे मात्र हातमागावर बसले नाहीत. घानातल्याच कुमासीच्या कला महाविद्यालयातून १९६९ मध्ये शिल्पकलेची पदवी घेतली. तिथला अभ्यासक्रम बराचसा विलायती. म्हणून हा विद्यार्थी कुमासीच्याच राष्ट्रीय सांस्कृतिक केंद्रात जाऊन विणकर, कोरीवकाम करणारे आणि वादक यांच्यात बसायचा. मला वाटतं, त्यांची खरी शाळा हीच. पुढे घानातल्याच विनेबाला शिकवताना त्यांनी बाजारातल्या बायका माल मांडायला वापरतात ते लाकडी गोल ताट उचललं आणि त्यावर तापल्या लोखंडाने खुणा डागल्या. परदेशातून प्लास्टर ऑफ पॅरिस मागवायची गरजच संपली.

१९७५ मध्ये ते न्सुकाच्या नायजेरिया विद्यापीठात आले. १९६० मध्ये सुरू झालेलं हे विद्यापीठ १९६७ ते १९७० च्या बियाफ्रा युद्धात, म्हणजे नायजेरियाच्या यादवीत, होरपळलं होतं. कला विभागाची घडी नव्याने बसवत होते चित्रकार उचे ओकेके. इथल्या इग्बो समाजातल्या बायका अंगावर आणि भिंतींवर काढत त्या उली रेषांमधून आजची कला उभी करायची, असा त्यांचा ध्यास. त्या वातावरणात हा घानाचा परका माणूस शिल्प शिकवायला लागला आणि २०११ पर्यंत शिकवत राहिला.

विद्यापीठाच्या परिसरातून चालताना हे २०११ साल सारखं आठवत होतं. कारण २००७ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात त्यांची झळाळती धातूची वस्त्रं टांगली गेली, जगभरच्या संग्रहालयांनी रांग लावली, आणि तरी पुढची काही वर्षं हा प्राध्यापक इथेच वर्ग घेत होता. लंडन-न्यूयॉर्कला बस्तान हलवणं किती सोपं होतं! पण त्यांचं सामान इथे होतं. आधी इथल्या फुटक्या मडक्यांवरून शिल्पं केली. मग लाकडाच्या फळ्यांवर चेनसॉ चालवली. त्या यंत्राने लाकूड फाडणं त्यांना आफ्रिकेची वाटणी करणाऱ्या युरोपीय सत्तांच्या रीतीसारखं वाटे. आणि १९९८ च्या सुमारास न्सुकाच्या आसपास झुडपांत दारूच्या बाटल्यांच्या झाकणांनी भरलेली पिशवी सापडली.

रिकाम्या बाटल्या पुन्हा भरायला जातात, ॲल्युमिनियमची झाकणं मागे उरतात. ती ठोकून सपाट करायची, दुमडायची, पिळायची, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडायची. गावातली कितीतरी तरुण मुलं हे काम करत आली आहेत. त्यांनी केलेले तुकडे जमिनीवर मांडून अनात्सुई पुन्हा पुन्हा फिरवतात आणि मग मोठं वस्त्र जुळतं. केंटेही असंच, अरुंद पट्ट्या विणून शेजारी शेजारी शिवलेलं. मागावर न बसलेला मुलगा फिरून तिथेच आला म्हणा.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये २००१ ची ‘मॅन्स क्लॉथ’ आणि ‘वुमन्स क्लॉथ’ मी पाहिली होती. लांबून सोनं, जवळ गेलं की दारूची लेबलं. डार्क सेलर, किंग सॉलोमन, टॉप स्क्वॉड, मकोसा, बकासी. यातलं बकासी म्हणजे नायजेरिया आणि कॅमेरून ज्यासाठी भांडले तो भूभाग. म्हणजे झाकणावर राजकारणही छापलेलं. शिवाय युरोपच्या व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दारू उतरवून माणसं गुलाम म्हणून नेली. अनात्सुई यावर भाषण देत नाहीत, बरंच आहे.

मला मात्र त्यांची एक सवय सगळ्यांत आवडते. कलाकृती कशी टांगायची याचा नकाशा ते देत नाहीत. घड्या कुठे पाडायच्या, कुठे सैल सोडायचं, हे संग्रहालयातल्या लोकांनी ठरवावं. बऱ्याच कलाकारांना हे स्वप्नातही सहन होणार नाही. पण ज्याने आयुष्यभर मुलांना ‘माझ्यासारखं करू नका’ असं शिकवलं, त्याला हे साधेल. त्यांचे विद्यार्थी बघा: चिका ओकेके-अगुलू कला-इतिहासकार झाले, न्नेना ओकोरे स्वतःची वेगळी शिल्पं करतात. २०१९ मध्ये म्युनिकला झालेल्या अनात्सुईंच्या भव्य प्रदर्शनाच्या दोन क्युरेटरांपैकी एक हे ओकेके-अगुलूच. २०१५ मध्ये व्हेनिसने जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला, तो घेणारा माणूस निवृत्त प्राध्यापक होता हे मला फार बरं वाटतं.

त्यांचा स्टुडिओ मी पाहिला नाही. ते येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी खुलं ठिकाण नव्हे, आणि ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या दारात न सांगता जाऊन उभं राहणं मला पटलं नाही. त्याऐवजी बाजारात गेले. न्सुकाची पिवळी मिरची प्रसिद्ध आहे, वास फळासारखा आणि तिखटपणा बेताल. पिशवीभर घेतली. विकणाऱ्या बाईंच्या पाठीमागे स्थानिक दारूचं दुकान होतं आणि पायरीखाली झाकणांचा खच. दोन-चार उचलली, तर बाई हसून म्हणाल्या, “ही पण विकत घेणार?”

आता अनात्सुईंचं काम घानातल्या तेमा बंदरातही चालतं. पुढच्या खेपेला अक्राला उतरून तेमा, आणि तिथून केटाच्या खाडीवरचं अन्याको असा बेत आहे. त्या बाजूला केंटे विणणारे अजून मागावर बसतात, असं ऐकून आहे.